भाषण गाळलेला सिनेमा

आधी नीट खाली बस गं. उभ्या उभ्या वाचू नकोस. मागल्या रविवारी आलीस ती चहा घशाखाली ढकललास, मोबाईल बघत बघत चपला पायात अडकवल्यास आणि निघालीस. नांद्याला राहतेस तू, परमुलखात नाही. तिथून इथं यायला आमच्या वेळी बैलगाडीला अर्धा दिवस लागायचा, तुला तासभर लागतो, आणि घाई म्हणशील तर तुलाच. बरं, आलीस ती आलीस, वर भावाशी भांडलीस. कशावरनं, तर सिनेमावरनं. तू म्हणालीस, दिवसभर डोकं पिकवून माणूस घटकाभर हसायला जातं, तिथं कशाला त्यांचं राजकारण? तो म्हणाला, ज्याला काही सांगायचंच नाही तो सिनेमा म्हणजे चुरमुऱ्याची पुडी. मी मधे तोंड घालायला गेले, तर दोघांची लगेच एकी झाली. "आजी, तुला नाही कळायचं."

मला नाही कळायचं? अगं, हेच भांडण आम्ही बायकांनी शेणानं बरबटलेल्या हातांनी केलंय, आणि त्या भांडणात एका बाईचं भाताचं अख्खं खाचर पणाला लागलं होतं. तुला सांगायचं राहूनच गेलं. बोलून सांगायला गेले तर तू ऐकायची नाहीस, म्हणून लिहिते.

माझ्या लग्नाला तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील. घर हेच, पौडच्या पुढं, मालेच्या अलीकडं. भात झोडून कणगीत पडलं की माणसं जरा सैल व्हायची, आणि जत्रेच्या सुमाराला पौडला सिनेमाचा तंबू यायचा. एके काळी पांढरा असावा, आम्ही पाहिला तेव्हा मातीच्या रंगाचा. बसायला ज्यानं त्यानं आपलं पोतं न्यायचं. मधून एक दोरी बांधलेली. दोरीच्या अल्याड बायका, पल्याड पुरुष. मागं इंजिन धडधडायचं, ते मधेच बंद पडलं की सगळा तंबू शिट्ट्या मारायचा.

पण खरी गंमत निराळीच होती. सिनेमाचं यंत्र एकच. एक रीळ संपलं की ते काढून दुसरं चढवायला वेळ लागायचा. तेवढ्या वेळात दिवा लागायचा, आणि पडद्यावरची माणसं गप्प झाली की खालची माणसं सुरू व्हायची. आता तुम्ही सिनेमा बघून घरी जाता आणि मोबाईलवर मत लिहिता. आम्ही दर रिळाला मत द्यायचो, ते पण ओरडून.

"ह्या सावकाराला पयल्या रिळातच मारायला पायजे व्हता!"

"मंग बाकीच्या रिळात काय तुजं तोंड बघायचं व्हय रं?"

दोरीपलीकडून असं काही आलं की अलीकडच्या बायका पदरात तोंड घालून हसायच्या. आमच्या बाजूची पुढारीण म्हणजे पौडातल्या किराणा दुकानदाराची बायको. मुसलमानाच्या घरची, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी थोरली. मी तिला भाभी म्हणायची. ती कधी पदरात हसली नाही, ती तोंडावर बोलायची. पडद्यावरचा कुणी देशाबद्दल, एकजुटीबद्दल लांबड लावायला लागला की ती शेंगा फोडत म्हणायची, "भाषाण ऐकायचं तर चावडीवर फुकाट मिळतंय. म्या तिकीट काढलंय ते गान्यासाटी." आणि गाणं लागलं की शेंग तशीच हातात धरून, डोळे मिटून ऐकायची. सिनेमा बघायला आलेली बाई गाण्याच्या वेळी डोळे मिटते, हे मी तिच्यातच बघितलं.

आता आमच्या घरची रीत सांगते. आम्ही तिघी जावा. गुरं, चूल, पोरं सगळं टाकून तिघींना एकदम जायला कोण देतंय? म्हणून पाळी लावलेली होती. एका खेपेला एकीनं जायचं, आणि आल्यावर दुसऱ्या दिवशी कामाला बसलं की बाकीच्यांना अख्खा सिनेमा सांगायचा. सांगता आला नाही, तर पुढची पाळी गेली. ही अट घातली होती आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी. आमच्याकडं सासूला आत्याबाईच म्हणायचे.

थोरली जाऊ सिनेमा सांगायची, तो निव्वळ लुगड्यांचा. कुणाचे काठ कसे आणि नथ केवढी. गोष्ट विचारली तर म्हणायची, "व्हती कायतरी." धाकटी सांगायला बसली की रडायलाच लागायची, कोण मेलं तेसुद्धा कळायचं नाही. शेवटी दोघींनी आपापल्या पाळ्या मला देऊन टाकल्या. "तूच जा बाई, पर नीट ऐकून ये." तर माझ्या नशिबी सिनेमा आला तो असा. तंबूबाहेर गाण्यांच्या चोपड्या विकायला असायच्या. तुझ्या आजोबांनी एक आणून दिली. गाणी पाठ होतीच. पाठ गाण्यावर बोट ठेवून ठेवून मी अक्षरं ओळखायला शिकले. शाळा म्हणशील तर माझी तीच.

आत्याबाई स्वतः तंबूत जायच्या नाहीत. एकदाच गेल्या होत्या, दोन रिळं बघून उठून आल्या. म्हणाल्या, "मानसं भिंतीएवढाली हायेत, पर त्येंना थांबवून कायच इचारता येत न्हाई. ही सांगती ते बरं." आणि विचारायच्या तरी किती! मी सांगत असताना बाकीच्या हूं हूं करायच्या, आत्याबाई वकिलासारख्या उलटतपासणी घ्यायच्या. "त्यो शेराला गेला म्हनतीस, मग म्हातारीला पानी कोन देतंय?" एकदा मी म्हटलं, नायिका रागानं घर सोडून जाते. तर म्हणाल्या, "चुलीवर काय व्हतं?" मला सांगता आलं नाही. "मग ती न्हाई गेली. बाई घर सोडताना चुलीकडं बघतीच. ज्यानं सिनेमा काढला त्याला ठावं न्हाई." अक्षर ओळखत नव्हती ती बाई, पण गोष्ट कुठं खरी आणि कुठं नुसती रंगवलेली, हे तिला नखभर बघून कळायचं. मी आजवर कितीक शिकलेली माणसं बघितली, तिच्यासारखा ऐकणारा कान पुन्हा नाही बघितला.

तर त्या वर्षीची गोष्ट. कूळकायदा आला होता. जो जमीन कसतो त्यानं ती रीतसर विकत घेऊन मालक व्हायचं, असा कायदा. आमची जमीन फार नव्हती, पण ओढ्याकडचं एक खाचर आमच्या घरानं कुळाला दिलेलं. ते कसत होती एक विधवा. दूरचं कसलंसं नातं होतं, म्हणून मी तिला मावशी म्हणायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एक मुलगी पदरात. नवऱ्याच्या मागं त्या खाचरात नांगर सोडून सगळं तिनं स्वतःच्या हातानं केलं. चिखलात पाय रोवून उभी राहिली की खाचरातच उगवल्यासारखी दिसायची.

मावशीला पौडच्या कचेरीतनं कागद आला. अमुक दिवशी साहेबापुढं हजर राहून सांगायचं, जमीन घेणार की नाही. घेणार म्हटलं की साहेब किंमत ठरवून देणार, ती हप्त्याहप्त्यानं फेडायची. नको म्हटलं की कुळाचा हक्क संपला. माझे थोरले दीर तिच्याकडं गेले. वाईट माणूस नव्हता गं तो, तसं समजू नकोस. तिचा नवरा गेला तेव्हा वर्षभराचं भात ह्याच दिरानं तिच्या दारात नेऊन टाकलं होतं. पण जमीन म्हटली की चांगल्या माणसाचंही काळीज आखडतं. ते म्हणाले, "वयनी, तुमी सायबाला 'नको' म्हना. कसायला आमी न्हाई म्हनतोय का? जलमभर कसा. कागद तेवढा आमच्याकडं ऱ्हाऊ द्या." मावशी म्हणाली, "तुमी म्हनाल तसं." मालकाच्या शब्दापुढं दुसरं काही बोलायचं असतं हे तिला ठाऊकच नव्हतं.

आणि नेमका त्याच जत्रेत तो सिनेमा आला.

नाव मला आठवत नाही, आणि आठवलं तरी सांगणार नाही. तुम्ही लगेच मोबाईलवर शोधाल आणि म्हणाल, आजी, हे असं नाहीच त्यात. चांगला होता. एक गरीब कूळ, त्याची बायको, एक मिशीवाला मालक. विहिरीवर पाणी ओढताना त्या बायकोचं गाणं होतं, तेव्हा भाभीनं शेंगांची अख्खी पुडी खाली ठेवली. एक न्हावी होता, तो मालकाची दाढी करताना जे काही बोलायचा, त्यानं पुरुषांची बाजू गडाबडा लोळली. कुस्तीही होती. एवढं सगळं झाल्यावर मालक कुळाला म्हणतो, जमीन सोड; आणि तो गडी संध्याकाळी बांधावर बसून रडतो. आम्हीही रडलो. आता पुढं काय म्हणून सगळे सरसावून बसलो, तर पडद्यावर आला शाळामास्तर. पिंपळाच्या पाराशी उभा राहिला आणि कायदा सांगायला लागला. सांगतोय, सांगतोय, सांगतोय. अख्खं रीळ खाल्लं त्यानं. लोक खोकायला लागले. कुणी ओरडलं, "मास्तर, शाळा सुटली!" मी पण हसले बघ.

दिवा लागला आणि दोरीपलीकडं जुंपली.

"हे सरकारनं घुसडलंय मधी!"

"घुसडलं तर घुसडलं. खोटं काय हाय त्यात?"

"खोटं न्हाई रं, लांब हाय!"

भाभी म्हणाली, "मास्तरला कुनीतरी एक गानं द्यायला पायजे व्हतं." मला ते इतकं पटलं! आज एवढ्या वर्षांनी तुम्हा दोघांचं भांडण ऐकताना मला तिचंच वाक्य आठवत होतं. सांगायचं ते सांग बाबा, पण गळ्यातून सांग.

त्या भाषणात थोरले दीर उठून बाहेर गेलेले मी बघितले. बिडीला गेले असतील म्हटलं. परतताना गाडीत ते तुझ्या आजोबांना म्हणाले, पण ऐकायचं होतं ते मी, "गानी बरी व्हती. त्या मास्तरचं चऱ्हाट घरी कुनी वळत बसू नये." मी पदर पुढं ओढला. मनाशी म्हटलं, नाही तरी कंटाळवाणंच होतं ते, गाळलं म्हणून काय बिघडलं? खरंच कंटाळ्यापायी गाळलं की दिरांच्या धाकापायी, हे तेव्हा मी मला विचारलं नाही. आज विचारते, तर दोन्ही होतं, आणि धाक जास्त होता.

दुसऱ्या दिवशी आमची सावड होती. सावड म्हणजे आज सगळ्यांनी मिळून तुझ्याकडं राबायचं, उद्या माझ्याकडं. मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही. राबाचे दिवस होते. भाताची रोपं टाकायची ती जागा आधी भाजून काढावी लागते. शेण पसरायचं, वर झाडाची कवळं म्हणजे छाटलेल्या डहाळ्या, मग पालापाचोळा, गवत आणि सगळ्यावर माती. नंतर पेटवायचं. त्या दिवशीची पाळी मावशीच्या खाचराची. म्हणजे आम्ही तिघी जावा, आत्याबाई, शेजारच्या दोघीतिघी आणि मावशी, अशा सगळ्या त्याच ओढ्याकडच्या खाचरात शेण फोडत बसलेलो.

मी सिनेमा सांगायला घेतला. न्हावी असा रंगवला की शेजारीण शेणाचा गोळा हातात घेऊन हसत सुटली. विहिरीवरचं गाणं म्हणून दाखवलं. मालक जमीन सोड म्हणाला, गडी बांधावर रडला. मग मी एक दम घेतला आणि सांगितलं, दुसऱ्या दिवशी सकाळी गडी नांगर धरून मोठ्यानं गाणं म्हणतोय.

"थांब," आत्याबाई म्हणाल्या. "सांजच्याला त्यो रडत व्हता. व्हय ना?"

"व्हय."

"आन सकाळी गानं म्हनतोय?"

"व्हय."

"मधी काय झालं?"

"काय न्हाई. एक मास्तर बोलतो जरा."

"काय बोलतो?"

"भाषाण हाय, आत्याबाई. लई कंटाळवानं. मानसं उठून गेली."

"मानसं गेली तर जाऊ देत. त्यो गडी उठला ना त्याच्यानं?" आत्याबाईंनी हातातलं शेण खाली ठेवलं. "रडनारा मानूस गानं म्हनाय लागला म्हंजी मधी कायतरी घडल्यालं असतंया. तू तेच खाल्लंस. गोष्टीला भोक पाडलंस तू."

मी थोरल्या जावेकडं बघितलं. तिनं डोळे मोठे केले. मी मावशीकडं बघितलं. ती मान खाली घालून शेण फोडत होती. आत्याबाईंना त्या कागदाची, लेकानं मावशीकडून घेतलेल्या शब्दाची सगळी खबर होती. आणि तरी त्या थांबल्या नाहीत. "सांग," म्हणाल्या. "सिनेमात हाय तेवढं सांग. पदरचं घालू नको आन पोटात ठेवू नको."

सांगितलं मी. तंबूत एक रीळ खाणारं भाषण माझ्या तोंडून चार-पाच वाक्यांत संपलं. मास्तर म्हणतो, कसतो त्याची जमीन, असा कायदा झालाय. साहेब बोलावून विचारील. मालकाच्या भिडेपायी 'नको' म्हणशील, तर 'नको' एवढंच लिहून घेतील, भीड कागदावर लिहीत नाहीत. मालकानं दिलेला शब्द मालकाबरोबर जातो, कागद मागं राहतो.

थोरली जाऊ फणकारली. "सिनेमा म्हंजी करमनूक. चार घटका जीव रमवायचा. त्यात असल्या भानगडी कशाला घालत्यात मेले!"

शेजारीण म्हणाली, "का गं? मला तर आता मास्तरच आवाडला. न्हावी काय, आमच्याकडं बी हाय."

"तुला आवाडायला काय जातंय? तुजी हाय का जमीन?"

"माजी असती तरी आवाडला असता!"

"बग हां, मंग बोल!"

झालं, सगळ्या एकदम बोलायला लागल्या. एक म्हणते, सरकारला सांगायचं तर दवंडी पिटावी, सिनेमा कशाला नासवायचा. दुसरी म्हणते, दवंडी बायकांपर्यंत कुठं येते? आणि ह्या सगळ्या गलक्यात मावशीनं पहिल्यांदा तोंड उघडलं. मला विचारलं, "त्या गड्याचा मालक वाईट व्हता का गं?"

"लई वाईट. मोठाल्या मिशा व्हत्या."

"मग त्याचं सोपं हाय," मावशी म्हणाली. "ज्याचा मालक चांगला हाय त्यानं काय म्हनायचं?"

एवढा खर्च करून, एवढी माणसं जमवून त्या सिनेमावाल्यानं जे विचारलं नाही, ते ह्या बाईनं शेण फोडता फोडता विचारलं. आम्ही सगळ्या आत्याबाईंच्या तोंडाकडं बघत राहिलो. त्या म्हणाल्या, "ते सिनेमात न्हाई. ते तुजं तुलाच बघाया पायजे. मी हाय तवर तुला हितनं कोन हलवनार न्हाई, एवढं मी सांगीन. पर मी किती दिस हाय, ते मला सांगता यायचं न्हाई." आणि पुन्हा शेणाला हात घातला.

आता असली गोष्ट घरी लपून राहते का? दुपारी जेवणाला दीर आले ते तापूनच. माझ्याकडं न बघता, माझ्यासाठीच म्हणाले, "उद्यापास्नं ह्या घरातली बाई तंबूत जानार न्हाई. सिनेमाचं खूळ शेतात आनायला लागली."

आत्याबाई भाकरी थापत होत्या. "ती न्हाई आनत व्हती. तिनं गाळलं व्हतं. मी काढाया लावलं."

"आई, जमीन आपली हाय!"

"आपली हाय म्हनून तर बोलले. दुसऱ्याची असती तर माजं काय जात व्हतं?" भाकरी तव्यावर टाकून त्या लेकाकडं वळल्या. "मी तिला घे म्हनले न्हाई. नको घेऊ बी म्हनले न्हाई. तिला अर्धी गोष्ट सांगून तिच्याकडनं पुरा शबुद घ्यायचा, हे मातर मला जमायचं न्हाई बाबा."

दीर जेवले नाहीत. आत्याबाईंनी ताट झाकून ठेवलं आणि त्याही जेवल्या नाहीत.

कचेरीच्या दिवशी आत्याबाईंनी मला मावशीबरोबर धाडलं. म्हणाल्या, "ती एकली भेदरंल. तुला पौडचा रस्ता सवयीचा हाय." आम्ही दोघी चालत निघालो. वाटेत मी काही सुचवलं नाही. सुचवायचं नाही, असं आत्याबाईंनी बजावलं होतं. कचेरीच्या पडवीत माणसंच माणसं, फेटे, पागोटी, तंबाखूचा वास. थोरले दीर आधीच येऊन खांबाला टेकून उभे. मावशीनं त्यांना बघितलं आणि तिचा पदर दोन बोटं पुढं आला.

नाव पुकारलं. मी दारातच थांबले. साहेब तरुण होते, आवाज कडक नव्हता. विचारलं, "बाई, जमीन घ्यायची इच्छा आहे का तुमची?"

साहेबांनी पुन्हा विचारलं. कारकुनानं दौतीत टाक बुडवला. दिरांनी खाकरल्यासारखं केलं. मला वाटलं, झालं, आता 'नको' येणार.

मावशी म्हणाली, "सायेब, एक इचारू?"

"विचारा."

"नको म्हनले, तर पुढल्या साली तितं भात कोन लावंल?"

साहेब म्हणाले, "ते मालकाच्या मर्जीवर आहे, बाई. ते ठरवतील तो."

मावशीनं मान हलवली. दिरांकडं वळली, पदर तसाच पुढं ठेवून म्हणाली, "दादा, तुमचा मला राग न्हाई. तुमी दिल्यालं भात माज्या पोटात हाय." आणि साहेबांना म्हणाली, "मला पायजे. ल्ह्या."

ना मास्तरचं एक वाक्य, ना त्या गड्याचा आवेश. ना गाणं, ना टाळी. कारकुनानं लिहिलं, मावशीनं अंगठा उठवला, पुढचं नाव पुकारलं. पण मी एवढे सिनेमे बघितले, त्यातल्या कुठल्याच शेवटाला माझ्या अंगावर असा काटा आला नाही.

दीर आमच्या आधी घरी पोचले होते. त्या वर्षी आवणीला, म्हणजे रोपं लावायच्या वेळी, ते म्हणाले, "आता आपल्या बाया कशाला जातील तितं? मालकीनबाई हाय ती." सावडीत मावशीची पाळी आली तशी आत्याबाईंनी ओचा खोवला आणि सगळ्यांच्या आधी खाचरात उतरल्या. त्यांच्यामागं मी, मग धाकटी. थोरली जाऊ बांधावर घुटमळली, मग तीही उतरली, म्हणाली, "माजा राग जिमिनीवर हाय, भातावर न्हाई." दीर मात्र दोन पावसाळे त्या बांधाला फिरकले नाहीत. तिसऱ्या वर्षी ओढ्याच्या लोंढ्यानं मावशीचा बांध फोडला, तेव्हा फावडं घेऊन जे पहिले धावले ते तेच. मावशी पाटी भरून देत होती, ते माती टाकत होते. दोघांनी एकमेकांशी काय बोलायचं ते तेवढ्यात बोलून घेतलं असावं.

आणि तंबूबंदी? ती पुढल्या जत्रेला आत्याबाईंनीच मोडली. म्हणाल्या, "हिच्यावर माजा इस्वास न्हाई. काय काय गाळती ते मला बघू दे." आणि पोतं घेऊन स्वतः आल्या. भाभीच्या शेजारी बसल्या. तो सिनेमा म्हणजे पहिल्यापासून शेवटपर्यंत उपदेश. कालवे, रस्ते, सगळे चांगले, सगळे हसरे, कुणाचं कुणाशी वाकडं नाही. दिवा लागला तसं दोरीपलीकडून कुणीतरी म्हणालं, "लई चांगला इचार हाय बरं का ह्यात!" आत्याबाई उठून उभ्या राहिल्या, डोईवरचा पदर सावरला, आणि अख्ख्या तंबूला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "इचार हाय, पर मानूस कुटं हाय? कुनी रडतच न्हाई, मग सांगताय कुनाला?" पुरुषांच्या बाजूनं अशी टाळी पडली, की यंत्रवाला बाहेर येऊन बघायला लागला. भाभीनं आपली शेंगांची पुडी आत्याबाईंच्या ओटीत ओतली.

मी काही त्यांच्याएवढी शहाणी नाही. मला विचारशील तर, मला न्हावी पण पाहिजे आणि मास्तर पण. फक्त मास्तरनं न्हाव्याकडून बोलायचं कसं ते शिकून यावं.

मावशी जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. मुलीचं लग्न करून तिनं जावई घरीच आणला होता. ओढ्याकडचं खाचर आज तिच्या नातवाकडं आहे, आणि त्याची बायको अजून त्यात भात लावते. भोवतीच्या जमिनींना कुंपणं पडली, पाट्या लागल्या. परवा तिच्याकडंही खाचर विकत मागायला एक जण कागद घेऊन आला होता, बोलायला मोठा गोड. तो गेल्यावर ती पोर माझ्याकडं आली. म्हणाली, "आजी, आमच्या म्हातारीनं कचेरीत साहेबाला काय विचारलं होतं ते जसंच्या तसं सांगा." मी सांगितलं. एक शब्द गाळला नाही. तिच्या मनात काय आहे ते मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. महिनाभरानं तो माणूस परत यायचाय म्हणे. ती म्हणत होती, कागद वाचायला कुणीतरी शिकलेलं माणूस जवळ पाहिजे. माझे डोळे आता बारीक अक्षराला चालत नाहीत. तुला वाचता येतं, इंग्रजीसुद्धा. तर तेवढ्यासाठी तरी ये बाई, त्याच्या आधी ये. आणि उभ्या उभ्या नको, चांगली दोन दिवस राहायला ये.